ओला खांब

जपून या, उंबरा उंच आहे. शहरातली माणसं इथं हमखास ठेचकाळतात. हे जगदाळे पाटलांचं मळ्यातलं घर. जोतं दगडाचं, भिंती मातीच्या पण दीड हात रुंद, वर कौलं. आणि हा मधला सागाचा खांब, साऱ्या आढ्याचा भार यावर. हात लावून बघा. चैत्र चालू आहे, बाहेर ओढा आटलाय, आणि हा माथ्यापासून ओला. छप्पर गळतं का म्हणून विचारू नका, कौलं मीच शाकारतो.

असं सांगतात, की सर्जेराव पाटलांनी घर बांधायला काढलं तेव्हा एवढा उंच साग शिवारात एकच होता, ओढ्याच्या बांधावर. त्याच्या बुडाशी आनसा नावाच्या विधवेनं आपलं तीन महिन्यांचं पोर पुरलं होतं. रोज दुपारी ती झाडाला तांब्याभर पाणी घालायची आणि त्याच्याशी बोलत बसायची. झाड तोडू नका असं काही ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "पाटील, न्या. पण ते उभं होतं तसंच उभं करा. माझं लेकरू आहे त्याच्यात." पाटलांनी शब्द दिला.

आता खांबाचा बुडखा खाली आणि शेंडा वर, हे सुतारानं कधी चुकवायचं नसतं. म्हणून झाड पाडलं की बुडख्याला गेरू फासून ठेवतात. पण हा ओंडका दोन पावसाळे डोहात मुरत पडला आणि गेरू धुऊन गेला. तासून चौकोनी केल्यावर धर्मा सुताराला दोन्ही टोकं सारखीच दिसायला लागली. ओळखणारी एकटी आनसा, तिला त्या झाडाची गाठ न् गाठ पाठ. पण मुहूर्ताची वेळ, सवाष्णी हळदीकुंकू घेऊन उभ्या, तिथं विधवेला बोलवायचं कसं? धर्मानं अंदाजानं खांब उभा केला. आनसा कुंपणाबाहेरून ओरडून सांगत होती म्हणे. हलगीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

पुढच्या वर्षी पाटलांना नातू झाला. दोन महिन्यांनी तो अंगावर प्यायचा थांबला. खांब आढ्याला मिळतो तिथं टक लावून बघायचा. आणि भर दुपारी घर गप्प असताना तिथून दुसरंच तान्हं रडायचं. अंगारे झाले, औषधं झाली. पोराच्या फासळ्या मोजता यायला लागल्या तेव्हा पाटील स्वतः आनसाच्या खोपटावर गेले आणि तिला उंबऱ्याच्या आत घेऊन आले. तिनं खांबावर हात फिरवला.

"उलटं टांगलंत की हो माझ्या लेकराला," ती म्हणाली.

खांब काढावा तर घर खाली येणार. आनसानं तांब्या मागितला आणि शिडीनं माळ्यावर गेली. मूळ वर, तर पाणीही वरूनच घालायचं. तांब्या ओतून ती खांबाला गाल लावून कितीतरी वेळ बसली. रडणं हळूहळू थांबलं. खाली नातवानं आईच्या छातीला तोंड लावलं.

आनसा जगली तोवर रोज चढली, तिच्यामागं गावातली दुसरी विधवा. पुढं जगदाळ्यांनी घर एका गुळाच्या व्यापाऱ्याला विकलं. लाकूड कुजेल म्हणून त्यानं पाणी बंद केलं. मोठा शहाणा माणूस. आठ महिन्यांत सुनेचं प्यायचं थांबलेलं तान्हं छातीशी धरून तो इथून निघून गेला. मग एका हेडमास्तरांनी घेतलं, आता पुण्याच्या डॉक्टरांचं आहे. खरेदीच्या दिवशी नव्या मालकाला किल्लीबरोबर तांब्याही देतात.

आजही आमच्या गावात खांब उभा करायचा झाला तर आधी विधवेला बोलावतात. ती हात फिरवून बुडखा दाखवते, मगच हळदीकुंकू. माझे वडील गेले तेव्हा आई महिनाभर कोपऱ्यात बसून होती. इथून बोलावणं आलं आणि ती उठली. बावीस वर्षं चढली. सध्या शेवंताकाकू चढतात, त्यांना आता नीट दिसत नाही.

परवा माझी बायको म्हणाली, "तुमच्यामागं मीच चढेन की." तिचे गुडघे दुखतात. म्हणून ह्या शिडीला मी दोन पायऱ्या जादा ठोकल्या, धरायला दोर बांधला. ठोकत होतो तेव्हा ती खाली उभी राहून शिडी धरून होती.