चंद्रीचं बाळंतपण

दोन डोंगरांच्या मधल्या खिंडवाडीत एक भोळा माणूस राहायचा. लहानू त्याचं नाव. त्याची बायको गजरा हुशार होती आणि लहानू तिचा एकही शब्द खाली पडू देत नसे. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्यांची एक म्हैस होती, चंद्री. पहिल्यांदाच गाभण होती. घरात दूधदुभतं येणार म्हणून गजरा दिवस मोजत होती.

एकदा चंद्री चरता चरता दिसेनाशी झाली. उजव्या डोंगराकडून तिच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. लहानू धापा टाकत उजवा डोंगर चढला. वर कुणी नव्हतं. चंद्री समोर डाव्या डोंगरावर निवांत उभी होती.

"अहो, आवाज कड्यावर आपटून उलटा येतो," गजरा म्हणाली. "उजवीकडून आला की डावीकडं जायचं. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," लहानू म्हणाला.

आणि खरंच ठेवलं. आठ दिवसांत त्याच्या मानेलाच वळण पडलं. उजवीकडं कोंबडा आरवला की मान आपोआप डावीकडं.

मंगळवारी तो बाजारात गेला. उजव्या हाताच्या दुकानातून त्याचे मामा ओरडले, "लहानू, इकडं पळ, बैल सुटलाय."

लहानू डावीकडं पळाला. बैल तिकडूनच येत होता. त्यानं लहानूला शिंगांवर घेतलं आणि एका बाईच्या टोमॅटोच्या पाटीत नेऊन बसवलं.

गजरानं त्याच्या पाठीला हळद लावली. "बाजारात कुठला आलाय कडा? आवाजाच्या मागं लागूच नका. तोंडं बघा. ज्याचं तोंड हलतंय, तो बोलतोय. ध्यानात ठेवा."

"ठेवलं."

आता लहानू नुसती तोंडं बघू लागला. देवळात पुजारी पाठमोरा उभा राहून आरती म्हणत होता. दारात एक बकरी पाला खात होती. लहानूनं बकरीला हात जोडले. घरी येऊन म्हणाला, "काय गोड गळा आहे." गजराला वाटलं, पुजाऱ्याचं कौतुक चाललंय.

मग गजरा दोन दिवस भावाकडं गेली. लहानू चंद्रीला वैरण घालत होता. चंद्री त्याच्याकडं बघत रवंथ करत होती. गोठ्याच्या कुडापलीकडं शेजारची शेवंता राहायची. तिलाही दिवस गेले होते, पहिलेच. ती नवऱ्याला म्हणाली, "दिवस भरत आले माझे. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. मला पोचवून या."

लहानूच्या हातातली वैरण खाली पडली. आवाज कुडाकडून आल्यासारखा वाटला खरा. पण त्यानं चंद्रीचं तोंड बघितलं. तोंड हलत होतं. तो बघत राहिला, तसा आवाजही हळूहळू तिथूनच येऊ लागला.

त्याला गहिवरून आलं. "अगं, आधी सांगायचंस," तो म्हणाला.

गजरा परत आली तर गोठा रिकामा.

"चंद्री कुठाय?"

"माहेरी. बाळनाथ गवळ्याकडं, जिथून आपण आणली तिथं."

"कुणी सांगितलं न्यायला?"

"तिनंच. तोंड बघूनच खात्री केली मी."

गजरा मटकन ओट्यावर बसली. "आणि गवळी काय म्हणाला?"

"बराच वेळ हसला. मग म्हणाला, या जावईबापू, चहा घ्या. बारशाला बोलावतो म्हणालाय."

गजरानं कपाळावर हात मारून घेतला. लहानूला वाटलं, पाठवणीत काही कमी राहिलं अशी तिला शंका आली असावी.

"रिकामी नाही पाठवली तिला," तो म्हणाला. "ओटी भरली. तुझं हिरवं लुगडं नेसवलं. एकटं पुरेना, म्हणून लग्नातला शालूही जोडला."

गजरा उठली आणि चपला न घालताच गवळ्याच्या गावाकडं धावत सुटली. लहानू काळजीनं तिच्या मागं ओरडला, "अगं, लगेच आणू नकोस. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला सासरी पाठवत नाहीत."