दोनशे बारा खिडक्या

“...पण मग शिस्त कोण राखणार, बुवा?”

अच्युत गोगटे जरा चढ्या आवाजातच बोलला. दर रविवारी सकाळी बुवांचा ऑनलाइन सत्संग भरे. बुवा मठातून बोलत, अच्युत सांगलीतल्या घरातून तो चालवी. होस्ट तो एकटाच.

“आणखी दोघांना को-होस्ट कर,” बुवा म्हणाले.

“कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा टीव्ही! मी सगळ्यांना म्यूट करतो, कुणाला स्वतःहून आवाज खुला करू देत नाही, चॅट बंद ठेवतो. म्हणून तर शांतता असते.”

बुवांनी विषय सोडून दिला.

पुढच्या रविवारी दोनशे बारा माणसं होती. वीस मिनिटांचं ध्यान सुरू झालं. बुवांनी डोळे मिटले. अच्युत चहा घ्यायला आत गेला.

तो परत आला, तर पडद्यावर सगळे हात हलवत होते.

त्याला वाटलं, नमस्कार करताहेत.

मग त्याला तोंडं दिसली. उघडी, ताणलेली, ओरडणारी. एक बाई रडत होती. एकाने वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं होतं : ‘रेडकर ताई’.

द्वारकाताई रेडकर. वेंगुर्ल्याच्या, वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या. पडद्यावरच्या त्यांच्या खिडकीत नुसती रिकामी खुर्ची. खाली, कोपऱ्यात, एक हात.

अच्युतने आवाज खुले केले. दोनशे माणसांचा आक्रोश एकदम खोलीत घुसला.

“अहो, बारा मिनिटं झाली!” कुणीतरी किंचाळलं. “त्यांचा नंबर कुणाकडेच नाही!”

सगळ्यांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या नंबरांची यादी फक्त अच्युतकडे होती. त्याने द्वारकाताईंच्या शेजाऱ्यांना फोन लावला. ते दार फोडून आत शिरले.

द्वारकाताई वाचल्या. वाचा मात्र गेली.

तिसऱ्या दिवशी अच्युत मठात आला.

“बुवा... ते सगळे ओरडत होते. आणि मी... मला वाटलं...”

अच्युतने नंबरांची यादी बुवांसमोर ठेवली.

“मला यातून काढा. दुसरा कुणी नेमा. माझ्या एकट्याच्या हातून हे पाप घडलं.”

“एकट्याच्या?”

“मग आणखी कोणाच्या?”

बुवा उठले. अच्युतसमोर खाली, जमिनीवर बसले.

अच्युत हादरून मागे सरकला. “बुवा, हे काय...?”

“त्या माझ्याही पडद्यावर समोरच होत्या, अच्युता, आणि मी डोळे मिटून बसलो. येत्या रविवारी माझे डोळे कोण उघडेल, ते आधी ठरव.”