दाराबाहेरून ओवाळणारी लेक

एका गावाच्या टोकाला कुमुदताई एक वृद्धाश्रम चालवत. गेल्या हिवाळ्यात कुणा पाहुण्याबरोबर आलेला खोकला तिथे खोलीखोलीतून फिरला आणि दोन आज्या त्यात गेल्या. तिथलेच दामूअण्णा कसेबसे वाचले, पण त्यांची छाती कायमची कमजोर झाली. ताईंनी मनाशी पक्कं केलं, यंदा असं होऊ द्यायचं नाही. त्यांनी सगळ्यांना लस टोचवून घेतली, दारात हात धुवायला साबण ठेवला आणि बजावलं, "ज्याला सर्दी-खोकला, त्याने आत यायचं नाही."

गावातले रतनशेठ आपल्या दर वाढदिवसाला आश्रमात येऊन प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पेढा भरवत. फोटोही काढून घेत, ते वेगळंच. यंदा ते खोकतच आले. ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"शेठ, बरे झालात की या."

"साधा खोकला आहे हो!"

"तुम्हाला साधा. दामूअण्णांना नाही."

शेठ पाय आपटत परत गेले.

थोड्याच दिवसांत दामूअण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. अण्णांना मूलबाळ नव्हतं. "लेक म्हणून तूच ओवाळायचंस," असं ते ताईंना कधीपासून सांगत होते. नेमक्या त्याच सकाळी ताईंचा घसा धरला आणि शिंका सुरू झाल्या. एक गोळी घेऊन गेलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. ताईंना रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी स्वयंपाकाच्या मालूबाईंना फोन केला, "औक्षण तुम्ही करा."

बरे झालेले रतनशेठ समारंभाला आले, तर ताई अंगणात, बंद खिडकीबाहेर उभ्या! हातात त्यांचं स्वतःचं निरांजन होतं.

"आत चला ना ताई. घरच्या माणसाला कसला नियम?"

"खोकल्याला घरचं-परकं कळत नाही, शेठ."

मालूबाईंनी आत ओवाळलं, ताईंनी बाहेरून. अण्णांनी खिडकीकडे हात उंचावून आशीर्वाद दिला आणि ते म्हणाले, "लेक बाहेर थांबली, म्हणून बाप आत सुखरूप बसलाय!" शेठनी मान खाली घातली.

आपल्या पुढच्या वाढदिवशी शेठना पुन्हा सर्दी झाली होती. या वेळी कुणी अडवायच्या आधीच ते फाटकाबाहेर थांबले. पेढ्यांचा बंद खोका त्यांनी दुकानातूनच परस्पर पाठवला होता. फोटो मात्र काढलाच, फाटकाबाहेरून. खोक्यातला पहिला पेढा दामूअण्णांनी खाल्ला.

तात्पर्य: दुसऱ्याला घातलेला नियम आधी स्वतः पाळावा, तरच तो टिकतो, आणि दुबळ्याच्या जिवासाठी दूर थांबणं हीसुद्धा मायाच असते.