न कळवता आठ दिवस

डोंगरपायथ्याच्या गावात एकदा एक वृद्ध गुरुजी पाठशाळा चालवीत. त्यांचा नियम एकच होता: येणार नसाल तर कळवा. हजेरी ठेवण्याचे काम भार्गव या ज्येष्ठ शिष्याकडे होते आणि तो ते चोखपणे करी.

एका महिन्यात दोन विद्यार्थी गैरहजर राहिले. गोरक्ष दोन दिवस मामाच्या गावी जत्रेला गेला. तसे त्याने आधीच सरळ सांगितले होते. वेणू मात्र आठ दिवस फिरकलीच नाही. नवव्या दिवशी आली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. आई तापाने अंथरुणाला खिळली होती, काल ताप उतरला, घरात दुसरे कोणी नाही, असे तिने मान खाली घालून सांगितले.

गुरुजींनी गोरक्षाला जत्रेच्या गमती विचारल्या आणि बुडालेला पाठ भरून काढायला लावला. वेणूवर मात्र ते रागावले. “कळवले का नाहीस?” एवढेच म्हणाले, पण आवाज कापत होता. वेणू रडत ओसरीवर जाऊन बसली.

भार्गवच्या मनाला ते फार लागले. मौजेसाठी गेलेल्याला माफी आणि आईची सेवा करणारीला बोलणी, हा कुठला न्याय, असे त्याने धीर करून विचारले.

 गुरुजी म्हणाले, “गोरक्ष इथे नव्हता, पण कुठे आहे हे आपल्याला ठाऊक होते. वेणू आठ दिवस एकटी आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि आपण चाळीस माणसे इथे निवांत श्लोक म्हणत होतो. हा नियम मुलांना धाक बसावा म्हणून नाही केला, बाबा. कुणाच्या दारी आपण जायला हवे, ते कळावे म्हणून केला. तिच्यावर रागावलो, हे माझे चुकलेच. राग माझा माझ्यावर होता.”

 आठही दिवस भार्गवने वेणूच्या नावापुढे न चुकता ‘गैरहजर’ लिहिले होते. तिचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते, पण त्याचे पाऊल एकदाही तिकडे वळले नव्हते.

गुरुजी ओसरीवर वेणूजवळ जाऊन बसले आणि आपली चूक त्यांनी तिला सांगितली. तिने डोळे पुसले. पाठ संपल्यावर तिघेही तिच्या घरी गेले. आई भिंतीला टेकून बसली होती. गुरुजींना पाहून ती उठू लागली, तेव्हा त्यांनी हातानेच ‘बसा’ म्हटले.  चुलीपाशी भार्गवला रिकामी घागर दिसली, ती उचलून तो विहिरीकडे निघाला.

“कोण गं हा?” आईने विचारले.

“आमच्या शाळेतला दादा,” वेणू म्हणाली.