चिमी मुंगी आणि गाडीचं हरवलेलं तेल

एक होती गाडी. जुनी, निळी, ऊस वाहणारी. ती उभी राहायची तिथल्या भिंतीत एक फट. फटीत राहायची चिमी मुंगी.

आज गाडीत ऊस भरला होता. आज गुऱ्हाळाची शेवटची काहील. काहील म्हणजे गूळ शिजवायची भलीमोठी कढई! आज गूळ होणार. उद्या चूल बंद. दर वर्षी चिमी गाडीत बसून जायची आणि गुळाचा खडा आणायची. घरातली मुंग्यांची पोरं वाट बघत बसायची.

"चल गं गाडीमावशी!" चिमी म्हणाली.

"पोंऽऽ! कशी चालू? माझा ब्रेक लागेना. डबीतलं ब्रेकचं तेल गेलं. डबी रिकामी, ठणठण! वाटेत मोठा उतार आहे. मी थांबलेच नाही तर? दौलूमामाला सांग, तेल भर. मग मी चालते."

चिमी निघाली. तुरू तुरू तुरू!

दौलूमामा गाडी चालवायचे. आत्ता ते गाडीला लिंबू-मिरची बांधत होते. एक नाही, दोन नाही, सातवं लिंबू!

"मामा, मामा, तेल भरा!
गाडी चालेना,
मला गूळ मिळेना!"

मामा म्हणाले, "काल भरलं की गं. परवा बी भरलं. रोज भरतोय, रोज संपतंय. खाली एक थेंब न्हाई! गाडीला दृष्ट लागलीया. म्हणून रोज एक लिंबू बांधतोय. आता तेल जातंय कुठं ते कळू दे. हैदर मिस्त्रीला सांग, चाक खोल. मग मी भरतो."

चिमी निघाली. तुरू तुरू तुरू!

समोरच मिस्त्रीची शेड. हैदर मिस्त्री चहा पीत होते. फुर्रर्र!

"चाचा, चाचा, चाक खोला!
मामा भरेना,
गाडी चालेना,
मला गूळ मिळेना!"

मिस्त्री म्हणाले, "खोलतो की! पण गाडी वर उचलल्याशिवाय चाक निघतंय व्हय? जॅकला सांग, गाडी उचल. मग मी खोलतो."

चिमी निघाली. तुरू तुरू तुरू!

जॅक कोपऱ्यात पडला होता. बुटका, काळा, दणकट.

"जॅकभाऊ, जॅकभाऊ, गाडी उचला!
मिस्त्री खोलेना,
मामा भरेना,
गाडी चालेना,
मला गूळ मिळेना!"

जॅक म्हणाला, "कुर्रर्र! मी उचलीन. पण गाडी पुढे घरंगळली तर? दगडाला सांग, चाकाला टेकून बस. मग मी उचलतो."

चिमी निघाली. तुरू तुरू तुरू!

दगड उन्हात होता. त्याच्यावर बसली होती एक जाडजूड कोंबडी.

"दगडदादा, दगडदादा, चाकाला टेका!
जॅक उचलेना,
मिस्त्री खोलेना,
मामा भरेना,
गाडी चालेना,
मला गूळ मिळेना!"

दगड म्हणाला, "हं! हलू कसा? डोक्यावर ही बसलीये! कोंबडीला सांग, ऊठ. मग मी हलतो."

चिमी दोन पावलं मागे सरकली. कोंबडी मुंग्या खाते, हे तिला माहीत होतं! लांबूनच ओरडली.

"कोंबडीताई, कोंबडीताई, उठा!
दगड हलेना,
जॅक उचलेना,
मिस्त्री खोलेना,
मामा भरेना,
गाडी चालेना,
मला गूळ मिळेना!"

कोंबडीने एक डोळा उघडला. "कॉक! मी ऊन खातेय. जोंधळ्याचा दाणा दे. मग मी उठते."

आता दाणा कुठला आणायचा?

चिमीच्या घरात एकच दाणा होता. कालच आणलेला. अख्खा दिवस ओढत ओढत आणलेला! चिमीला रडूच आलं. मग तिने डोळे पुसले. दाणा डोक्यावर घेतला. तुरू... तुरू... तुरू... धाप लागली! दाणा टाकला आणि पळाली.

टच्! कोंबडीने दाणा टिपला.
कोंबडी उठली.
दगड हलला. मामांनी उचलला, चाकाला टेकवला. धप्प!
जॅक पुढे आला. "उचलतो! पण कोणतं चाक?"

अरेच्चा! मामांनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रींनी मामांकडे बघितलं. कोणालाच माहीत नव्हतं!

"थांबा," चिमी म्हणाली. "मी आत जाऊन बघते."

चाकाला मागून असतं एक बारीकसं भोक. चिमी आत शिरली.

पहिलं चाक. धूळच धूळ! आक्छी!
दुसरं चाक. कोरडं ठक्क! आक्छी!
तिसरं चाक. कोळ्याचं जाळं! "माफ करा हं, कोळीकाका!"
चौथं चाक. अगंबाई! ओलं! ओलं ओलं, बुळबुळीत!

चिमीने लांबूनच बघितलं. चाटलं नाही. गाडीचं तेल चाटायचं नसतं, कळलं ना?

"चाचा, हे चाक! हेच ते!"

जॅकने उचललं. कुर्र कुर्र कुर्र!
मिस्त्रींनी खोललं. खडाक!
आत एक इवलंसं रबर. फाटलेलं! तेल तिथूनच गळत होतं. चाकाच्या आतल्या आत. म्हणून खाली थेंब नव्हता!

मामांनी कपाळावर हात मारला. "घ्या! मी बाहेर लिंबं बांधतोय, आणि गळतंय आत!"

मिस्त्रींनी नवं रबर घातलं. चाक बसवलं. मामांनी तेल भरलं. मग मामांनी ब्रेक दाबला. फुस्स! फुस्स! ब्रेकच्या नळीतली सगळी हवा निघून गेली. पुन्हा दाबला. कच्च! ब्रेक लागला!

गाडी चालली. पोंऽऽ पोंऽऽ!

आला उतार. खाली रस्त्यात कोण? म्हशीचं रेडकू! मधोमध उभं, शेपूट हलवत.

मामांनी ब्रेक दाबला. खच्चक!

गाडी थांबली. रेडकाने मान वळवली. "ऑंयऽऽ!" आणि सावकाश बाजूला झालं. चिमीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की ती मामांच्या टोपीवर नाचली.

गुऱ्हाळात गूळ झाला. गरम, पिवळाधमक! मामा म्हणाले, "पयला खडा आमच्या मुंगीबाईचा!" खडा केवढा? दहा चिमींएवढा!

परत आली गाडी मिस्त्रीच्या शेडपाशी. भिंतीतल्या फटीतून पोरं धावली. "चिमीमावशी आली! गूळ आला!" सगळ्यांनी मिळून खडा ओढला. हय्या हो!

तेवढ्यात कोण आलं? कोंबडी! आली ती पुन्हा त्याच दगडावर बसली. "कॉक! मलाही दे की गं."

चिमी हसली. "देते. पण आधी दगडावरून उठा!"

आणि काय सांगू? कोंबडी टुणकन उठली!

खडा विरघळला तोंडात,
गोष्ट राहिली कानात.