धुण्याच्या दगडावर चढलेली जीप

“दोन मिलिमीटर फट पुरे ना, चाचा?”

प्राध्यापक नरहर कोटणिसांनी हेच विचारलं होतं, की तीन म्हणाले होते? आता त्यांना नक्की सांगता येत नाही. वय झालंय, आणि स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा तसा कधीच नव्हता. जानेवारीतली सकाळ होती, एवढं खरं. परसात गारठा होता आणि फणसाच्या सावलीत जुनी जीप उभी होती.

दस्तगीर शिकलगार, म्हणजे चाचा, जीपभोवती एक फेरी मारून आले.

पत्राकामात त्यांची पन्नास वर्षं गेली होती. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाल्यावर कोटणीस चार महिने रोज त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसले. पत्रा कापायला शिकले, वाकवायला शिकले, वेल्डिंगचे टाके मारायला शिकले. मग घरीच, परसात, जीपच्या मागच्या भागावर त्यांनी पत्र्याची एक छोटी खोली चढवली.

पत्नीसाठी, कुमुदताईंसाठी.

कुमुदताईंनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता गुडघे गेले होते, खुर्चीला चाकं आली होती. भाद्रपदात वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, फुलं येतात, ती एकदा पुन्हा पाहायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. सड्याची वाट सगळी धोंड्यांची. म्हणून ही खोली, तिला तळापर्यंत येणारं रुंद दार, दारातून एक उतरती फळी, आणि फळीवरून खुर्ची थेट आत.

दार कालच बसलं होतं.

“बघा तर,” म्हणत कोटणिसांनी दार लावलं. खट्... “कागदसुद्धा सरकायचा नाही मधून. वहीत सगळी मापं आहेत, दाखवू?”

“नको. झ्याक बसलंय.”

चाचांनी आपली करंगळी फटीवर टेकवली. ती आत जाईना.

“हिनं कुठनं जायाचं, मास्तर?”

“करंगळी कशाला जायला हवी? धूळ येईल, पाणी येईल. चाळीस वर्षं मी हेच शिकवत आलो, चाचा.”

“मग बरोबर असंल.”

ओसरीवरून कुमुदताई हसल्या. “चाचा, यांना एवढ्यात बरोबर म्हणू नका हो. दिवसभर वही घेऊन माझ्यामागं फिरतील.”

चाचांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

“आत बसा. वहिनींच्या जागंवर. आन् दार वढून घ्या.”

कोटणीस आत बसले. दार लागलं... खट्.

जीप हळूच पुढे सरकली. परसाच्या कोपऱ्यात धुण्याचा दगड होता. मागचं डावं चाक त्याच्यावर चढलं. सगळी गाडी कण्हल्यासारखी झाली आणि तिथंच थांबली. इंजिन बंद पडलं.

“आता उतरा,” बाहेरून आवाज आला.

कोटणिसांनी दार ढकललं. खांदा लावला. पुन्हा ढकललं.

“उघडत नाही, चाचा!”

“माप तर बरोबर हाय न्हवं?”

“चाक वर गेलं की चॅसीला, सगळ्या सांगाड्याला, पीळ बसतो. चौकट तिरकी झालीय, तिनं दार आवळून धरलंय.”

“म्हंजे ठावं होतं म्हणा की.”

“चाचा?”

चपलांचा आवाज दूर गेला. मग तोही थांबला.

खिडक्या अजून कापायच्या होत्या. आत अंधार होता. स्क्रूसाठी पाडलेल्या भोकांमधून तेवढे उजेडाचे ठिपके येत होते. एक ठिपका कोटणिसांच्या तळहातावर पडला. त्यांनी मूठ मिटली, तो मुठीवर आला.

त्यांना वाटलं, बाहेर सडा आहे. भाद्रपद आहे. पिवळी, जांभळी फुलं पार कड्यापर्यंत पसरलीत. आपण बाहेर पाना घेऊन उभे आहोत आणि आत ती बसलीय. ती काही म्हणतेय, पत्र्यातून शब्द कळत नाहीत. आपण वहीची पानं उलटतोय. वहीत सगळं आहे. फक्त हे दार नाही.

त्यांनी ढकलायचं सोडून दिलं. पाठ टेकली. पत्रा थंडगार होता. एकाच जागी, उजव्या खांद्यामागं, तो किंचित कोमट वाटला. ऊन फिरलं असेल... त्या बाजूला ऊन येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. तासभर तरी.

मग जीप मागे सरकून जमिनीवर आली. कोटणिसांनी बोट लावलं आणि दार उघडलं.

चाचा समोर कानस घेऊन उभे होते. कोटणिसांनी ती त्यांच्या हातातून घेतली.

“किती काढू?”

चाचांनी करंगळी वर केली.

भाद्रपदात ते सड्यावर गेले. वर पोचता पोचता मागचं चाक एका धोंड्यावर चढून अडलं. कोटणिसांनी उतरून दाराला हात घातला. दार उघडलं. कुमुदताईंच्या केसांत, पापण्यांवर, मांडीवरच्या शालीवर लाल धूळ बसली होती. त्यांनी ती झटकली नाही. फळीवरून उतरल्या आणि दोन तास फुलांत बसून राहिल्या.

पण कोटणिसांना त्या सकाळचं एक शल्य राहिलं. आपल्याला अंधारात कोंडून चाचा निघून गेले. अकरा वर्षांत ते कुणाला विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. चाचा वारल्यावर, एका दुपारी, त्यांनी कुमुदताईंना विचारलं, चाचा मला तासभर कोंडून का गेले?

“तासभर कुठला? सात मिनिटं,” कुमुदताई म्हणाल्या. “माझ्या गोळीची वेळ व्हायची होती, म्हणून घड्याळ समोरच ठेवलं होतं मी.”

“आणि चाचा? ते तर निघून गेले होते ना?”

“कुठे गेले? जीपला वळसा घालून पलीकडे उभे होते. जीप मागे घेईपर्यंत पत्र्यावरून तळहात काढला नाही त्यांनी. मी म्हटलंसुद्धा, चाचा, यांचा जीव घाबरतो हो, उघडा आता.”

“मग?”

“मग काय... म्हणाले, ‘थांबा वहिनी. मास्तर आत्ता कुठं तुमच्या जागंवर बसल्यात.’”