मावशीला म्हण, परक्याला ज्वारी

एका गावात एक मावशी होती. टोपल्या विणून पोट भरायची. बहीण-मेहुणा तापाने गेले आणि त्यांची तीन पोरं हिच्या पदरात पडली. पदर एक, ओढणारी तिघं!

गावाची रीत तशी भली. सुगीत प्रत्येक खळ्यावरून सूपभर ज्वारी चावडीच्या कणगीत पडायची. जो कुणी परक्याचं पोरकं लेकरू सांभाळेल, त्याला दर आठवड्याला पोरामागे एक पायली. नात्यातल्याला मात्र दाणाही नाही. का? तर म्हणे, नात्याला मोल लावू नये! ज्याने हे ठरवलं, त्याने जन्मात पोराला जेवू घातलं नसणार.

मावशीच्या डब्यात दोन दिवसांचं पीठ उरलं, तशी ती चावडीवर गेली.

"पाटील, कणगी भरलीय. माझ्या पोरांना थोडं द्या."

पाटलाने मिशीवर हात फिरवला. "अगं, तू तर मावशी! माय मरो पण मावशी उरो, असं उगाच म्हणतात होय?"

"म्हण शिजायला किती वेळ लागतो, पाटील?"

चावडी फिदीफिदी हसली. पाटील तापला. "झेपत नसेल तर तिघांना तीन घरी दे वाटून! परके सांभाळतील, पायली घेतील."

मावशी घरी आली. बसली, उठली, विणलेली टोपली उसवली, पुन्हा विणली. तीन घरी तीन पोरं? जीव थाऱ्यावर येईना.

सकाळी तिने तिघांना नेऊन पाटलाच्या ओसरीवर बसवलं. "मी पडले नात्यातली. तुम्ही परके. तिघं एकत्र राहू देत. तीन पायल्या तुमच्या."

पाटील खूश. आयती ज्वारी!

मावशीला घर खायला उठलं. दुपारपर्यंत चार वेळा ती पाटलाच्या कुंपणामागे जाऊन उभी राहिली. आत नुसता गोंधळ. मधल्याने वासरू सोडलं, वासराने गाईचं सगळं दूध संपवलं. थोरली दाराशी बसून हलेना. धाकटी कुणाच्या हातून घास घेईना. पाटील भाकरीचा तुकडा धरून तिच्यामागे अंगणभर पळतोय, पागोटं सुटून गळ्यात आलंय.

पाटलीणबाई कडाडल्या, "अहो, पोरं रडतात मावशीसाठी आणि मावशी रडते ज्वारीसाठी. एवढं कळायला अजून किती पळणार आहात?"

पाटील मटकन खाली बसला. धापा टाकत हसला. मग तसाच उठून चावडीवर गेला नि पंचांना म्हणाला, "नात्यातल्यालाही पायली. ज्याला पटत नसेल त्याने उद्या मावशीची तिन्ही पोरं घरी न्यावीत." पंचांनी घाईघाईने माना डोलावल्या.

तो ज्वारीचं पोतं घेऊन परतला, तर मावशी कुंपणाशीच. "घे. आजपासून दर आठवड्याला."

"पोतं ठेवा तिथंच," मावशी म्हणाली. "आधी धाकटीला माझ्याकडे द्या. सकाळपासून उपाशी आहे."

तात्पर्य: माया आटत नाही, पीठ आटतं. दुसऱ्याचं लेकरू पोटाशी धरणाऱ्याची तोंडभर स्तुती करा, पण आधी त्याचा डबा भरा.